फुगलेली पॉवर बँक टाकायची कुठे?

गेल्या आठवड्यात मुलाच्या उशीखाली पॉवर बँक सापडली. पुरीसारखी टम्म फुगलेली, कडेचा जोड उकललेला. अंगावर काटाच आला. जिथून घेतली त्या दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. ‘कचऱ्यात टाका,’ म्हणाला. घंटागाडीत ती दाबली गेली आणि बॅटरीतले धन-ऋण थर वेगळे ठेवणारा पातळ पडदा फाटला, तर क्षणात पेट घेऊ शकते! लोह-फॉस्फेट या वेगळ्या रसायनाच्या लिथियम बॅटऱ्या सहजी भडकत नाहीत, पण घरोघरी जुन्याच प्रकारच्या आहेत. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मग ठाणे स्टेशनबाहेर, सोसायट्यांत त्यासाठी पेट्या का नाहीत? आमची पॉवर बँक तूर्त गॅलरीत, वाळूच्या डब्यात ठेवली आहे.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे