वसईच्या शुभाला, डोंबिवलीहून

प्रिय शुभे,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढे वाच. इकडे ठीक. ह्यांची शुगर आटोक्यात, माझे गुडघे जसे होते तसेच. लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळायचं नाही.

मनूला ऐरोलीत नोकरी लागली. पगार चांगला, माणसंही बरी दिसतात. पण जायचं कसं? डोंबिवलीहून ठाणे, पूल चढून नऊ-दहा नंबरचा फलाट, तिथून वाशी नाहीतर पनवेल गाडी. म्हणजे कळव्याहून खाडी ओलांडून ठाण्यात जायचं आणि तीच खाडी पुन्हा ओलांडून विटाव्याच्या, म्हणजे ऐरोलीच्या अंगाला यायचं. रोज, जाता-येता.

परवा संध्याकाळी तिला आणायला ठाण्याला गेले होते. वाशीहून आलेली गाडी रिकामी झाली आणि सगळी माणसं जिन्याकडे वळली. तेवढ्यात कल्याण फास्टची घोषणा झाली, मग वरचे खाली आणि खालचे वर. माझ्या पुढच्या बाईच्या डब्याच्या पिशवीचा बंद तुटला. डबा पायाशीच पडला होता, पण तिला वाकायला जागा नव्हती. ढकलत ढकलत पुढे गेली बिचारी, डबा तिथेच. मनू म्हणाली, ‘आई, हे रोजचंच आहे.’ माझ्या पोटात गोळा आला. मला एल्फिन्स्टनचा पूल आठवला. २९ सप्टेंबर २०१७, पाऊस, आणि चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. त्या दिवशी तू मला किती फोन केलेस, आणि माझा लागत नव्हता. आणि मुंब्र्याचं वळण तर तिच्या रोजच्या वाटेवरच आहे. २०२५च्या जूनमध्ये तिथे दारात लटकलेली माणसं पडली, तेव्हापासून ती पोचल्याचा मेसेज येईपर्यंत मी चहा घेत नाही.

आता तुला ती डायरी आठवेल. पावसात गाडी मुंब्र्याला अडकली होती, आणि आपण दोघींनी मागच्या पानावर मुंबईचा रेल्वे नकाशा काढला होता. मी कळव्यापासून ऐरोलीपर्यंत रेघ मारली आणि तू हसलीस. ‘तुला काय रेल्वेमंत्री व्हायचंय?’ म्हणालीस. शुभे, ती रेघ खरोखरच कागदावर आहे गं! ऐरोली–कळवा उन्नत मार्ग. मुंबईच्या रेल्वे सुधारायच्या योजनेत, त्या ‘एमयूटीपी ३’मध्ये, २०१६ सालीच मंजूर झालाय. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ला सुरूही झालं. रविवारी मनूला घेऊन मुद्दाम जाऊन आले. एका बाजूला पारसिकचा डोंगर, लख्ख नवा फलाट, आणि कळव्याकडची जोडणी मात्र नाही. वाटेत येणाऱ्या झोपड्यांच्या पुनर्वसनापाशी गाडं अडलंय. त्या लोकांना नीट घरं द्यायलाच हवीत, त्यात दुमत नाही. पण मग ती द्या ना! त्यासाठी इतकी वर्षं?

तुझं म्हणणं मला पाठ आहे: लोकलला आणखी किती ताणणार, मेट्रो बांधा. बरं, बांधली. मेट्रो ३ कफ परेडपर्यंत गेली, साडेतेहेतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं. मी बसले, मला आवडली, हे तुला लेखी देते. मरोळ नाक्याला ती घाटकोपर–वर्सोवा मेट्रोला जोडली, हे तर फारच छान केलं. आणि ती घाटकोपरची मेट्रो तरी २०१४पासून एवढी का भरते? ती आडवी, पूर्व-पश्चिम जाते म्हणून! ती नव्हती तेव्हा ३४० नंबरच्या बसमध्ये आपण किती उभ्या राहिलो, आठव.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं. मुंबईचे रूळ १८५३पासून उभे, उत्तर-दक्षिण आहेत, सगळे कोटाकडे, म्हणजे फोर्टकडे धावणारे. नोकऱ्या मात्र ऐरोली, अंधेरी, बीकेसी, महापे अशा पसरल्या. माणसाला आता आडवं जायचंय, आणि आडवं जायला ठाणे, कुर्ला, दादर, घाटकोपर एवढेच पूल. चार पुलांवर सगळं शहर चढतं. म्हणून नवी मार्गिका आखताना पहिला प्रश्न हा हवा की ती कुठल्या पुलावरची गर्दी कमी करते. कल्याण–तळोजा मेट्रोचं काम चाललंय, त्याने आमच्या बाजूला फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

आणि तुझं माझं तर सगळ्यांत हास्यास्पद. कोपरला वरच्या फलाटावरून थेट वसईला रूळ जातात. भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र, की आलं तुझं घर. तरी मी दादरला जाऊन विरार गाडी पकडते, कारण त्या मार्गावर दिवसाला मोजक्या मेमू गाड्या. बाकी वेळ मालगाड्यांचा. न्हावाशेवा बंदराचा माल फक्त मालगाड्यांसाठीच्या समर्पित मार्गाने वैतरण्याकडे जाऊ लागला की हे रूळ मोकळे होतील. तेव्हा तरी तिथे लोकल सोडा, अर्ध्या तासाला एक, एवढंच मागणं आहे. नवं काही बांधायलाही फारसं लागत नाही. भिवंडीच्या माणसाला तर दुसरी रेल्वेच नाही.

ह्यावर आमच्या प्रवासी संघटनेचं निवेदन तयार होतंय. वसईकडूनही सह्या हव्यात, नाहीतर हे फक्त डोंबिवलीकरांचं रडगाणं ठरतं. तू सोसायटीत आणि तुझ्या महिला मंडळात फिरव. तुला बोलायला कुणी शिकवायला नको.

अमेयचं लग्न ठरलं हे मला तिसऱ्याकडून कळलं, त्याचं भांडण भेटीत. मुलगी काय करते? तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस कळव, मी येऊन राहते. येताना कोपरहूनच येईन, मेमूची वेळ बघून. तोवर निवेदनाचा मसुदा वाचून ठेव, आणि मेट्रोवाला मुद्दा घालायचाच असेल तर तुझ्या हाताने लिही, मी खोडणार नाही.

तुझी,
सुलू