टीव्ही लावणाऱ्याने जोडणी चालवून दाखवावी, मगच सही घ्यावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातील मराठी घरांमध्ये दसरा-दिवाळीला स्मार्ट टीव्ही घेण्याची पद्धत आता रुळली आहे, आणि तिच्याबरोबर एक तक्रारही घरोघरी ऐकू येऊ लागली आहे. संच घरी येतो, दुकानाने पाठवलेला तरुण तो भिंतीवर लावतो, रिमोट हाती देतो, पावतीवर सही घेतो आणि निघून जातो. त्यानंतर तो संच घरच्या वायफायला जोडलाच जात नाही, किंवा जोडला गेला तरी चित्र दर थोड्या वेळाने अडखळत राहते. दुकानात विचारावे तर ‘तुमचे नेट कमजोर आहे’ असे सांगितले जाते, आणि नेटवाल्याला बोलवावे तर तो दाराशी उभा राहून स्वतःच्या फोनवर वेग मोजून दाखवतो व ‘दोष टीव्हीत आहे’ असे म्हणून परत जातो. माझे मागणे असे आहे की, ज्या खोलीत टीव्ही आहे त्याच खोलीत, त्याच टीव्हीवर, एखादा कार्यक्रम सलग चालवून दाखवल्याशिवाय या दोघांपैकी कोणाचेही काम पूर्ण झाले असे मानले जाऊ नये, आणि तोवर ग्राहकाने सहीही करू नये.

हा प्रश्न इतर शहरांतही असणार, परंतु आपल्याकडे तो अधिक जाचक होण्याचे कारण आपल्या घरांच्या बांधणीत आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस पडली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. चिटणीसांची गोठ, शिंद्यांची छावणी, ढोलीबुवांचा पूल या भागांत आजही जी जुनी घरे उभी आहेत, त्यांच्या भिंती येथल्याच वालुकाश्माच्या आहेत, चांगल्या हातभर जाड आहेत, आणि कित्येक ठिकाणी छतेही दगडी पट्ट्यांची आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा या भिंतींचे उपकार कळतात. रेडिओ लहरींना मात्र त्याच भिंती अडवून धरतात. बाहेरून येणारी फायबरची तार जेथे घरात शिरते तेथेच, म्हणजे बहुधा दर्शनी दाराच्या वर किंवा विजेच्या मीटरशेजारी, राऊटर, म्हणजे घरात वायफाय पसरवणारी पेटी, ठोकला जातो, कारण तार आत ओढण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात. टीव्ही असतो चौकाच्या पलीकडे, मागच्या खोलीत. मध्ये दोन किंवा तीन दगडी भिंती येतात, आणि या अंतराचा विचार ना तार आणणाऱ्याने केलेला असतो, ना टीव्ही लावणाऱ्याने.

येथे थोडे तांत्रिक बोलणे आवश्यक आहे. घरचा वायफाय बहुधा रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतो, एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्याची लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची असते, दुसऱ्याची सुमारे ६ सेंटिमीटर. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण दगड, वीट आणि काँक्रीट यांतून पार होताना त्याचा जोर फार लवकर ओसरतो. २.४ गिगाहर्ट्झ भिंतींपलीकडे तुलनेने बरा पोहोचतो, परंतु तेथे गर्दी फार. भारत सरकारने हा पट्टा २००५ साली विनापरवाना वापरासाठी खुला केला. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथची साधने आणि साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालणारी मायक्रोवेव्ह भट्टी, हे सारे त्याच अरुंद जागेत दाटीवाटीने वावरत असतात. ५ गिगाहर्ट्झमधील खुली जागा २०१८ च्या अधिसूचनेने बरीच वाढली आहे, पण तिचा लाभ घेण्यासाठी टीव्हीत ती सोय असावी लागते आणि राऊटर त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असावा लागतो. कमी किमतीच्या अनेक टीव्ही संचांत फक्त २.४ गिगाहर्ट्झचीच सोय असते. ही गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली असते आणि दुकानदार ती क्वचितच सांगतात. खरे पाहता पडद्याच्या इंचांइतकीच ती महत्त्वाची आहे.

यावरून टीव्ही जोडला न जाण्याची कारणे कशी ओळखावीत हे सांगता येते. मी आयुष्यभर पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या घरांतून याच कामासाठी बोलावणे येत असते, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहितो. टीव्हीच्या यादीत आपल्या वायफायचे नावच दिसत नसेल, तर बहुतेक वेळा राऊटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू ठेवलेले असते आणि टीव्हीला ते ऐकूच येत नाही. दुसरेही एक कारण असते, जे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ असे चॅनल, म्हणजे त्या पट्ट्याचे क्रमांक दिलेले भाग (टीव्हीच्या वाहिन्या नव्हेत), वापरता येतात, परंतु काही संच परदेशी मांडणीप्रमाणे ११ च्या पुढे पाहतच नाहीत. राऊटरने आपणहून १२ किंवा १३ निवडला की फोनवर वायफाय छान चालतो आणि टीव्हीवर त्याचे नावही उमटत नाही, आणि घरचे लोक स्वाभाविकपणे टीव्हीलाच दोष देतात. राऊटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ पैकी एक कायम करून ठेवला की हा घोळ संपतो.

नाव दिसते पण पासवर्ड स्वीकारला जात नाही, हा प्रकार निराळा. वायफायच्या पासवर्डात लहान व मोठी इंग्रजी अक्षरे वेगवेगळी मानली जातात, तसेच शून्य आणि ओ हे अक्षर राऊटरच्या चिठ्ठीवर सारखेच दिसतात, आणि रिमोटने एकेक अक्षर निवडताना वयस्कर माणसांची चूक होणे अगदी साहजिक आहे. पासवर्ड निश्चित बरोबर असूनही नकार मिळत असेल तर सुरक्षेचा प्रकार तपासावा. २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ ही पद्धत जुन्या टीव्हींना कळत नाही. राऊटर फक्त तिच्यावर ठेवला असेल तर संच आत येऊ शकत नाही. डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ एकत्र चालतील अशी निवड बहुतेक नव्या राऊटरमध्ये असते, ती करावी. काही मंडळी कंटाळून पासवर्डच काढून टाकतात आणि वायफाय सर्वांना मोकळे करतात. तसे कृपया कोणी करू नये; त्याच वायफायवर आपल्या बँकेचे व्यवहारही चालत असतात.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. टीव्ही सांगतो ‘वायफाय जोडले आहे’, चारही रेघा भरलेल्या दिसतात, आणि कार्यक्रम मात्र उघडत नाही. त्या रेघा टीव्ही व राऊटर यांच्यामधील लहरींचा जोर दाखवतात. राऊटरपासून पुढे तार चालू आहे की नाही हे त्यांना ठाऊक नसते. फोनवरही नेट बंद असेल तर दोष तारेचा आहे हे उघड होते. फोनवर चालू आणि टीव्हीवर बंद असेल तर आधी टीव्हीतील तारीख व वेळ पाहावी. वीज बराच वेळ गेल्यावर काही संचांचे घड्याळ मागे पडते, आणि घड्याळ कित्येक वर्षे मागे असले की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ‘अजून लागू झालेली नाहीत’ असे टीव्हीला वाटून तो जोडणी नाकारतो. तारीख नीट केली की अ‍ॅप निमूटपणे उघडतात. एवढ्या लहानशा कारणासाठी नवा संच सेवा केंद्रात नेऊन ठेवलेला मी पाहिला आहे.

दुकानदार आणि नेटवाला यांच्या टोलवाटोलवीवर सर्वांत सोपा उपाय आपल्याच खिशात असतो. फोनचा हॉटस्पॉट, म्हणजे फोनचे नेट वायफायने दुसऱ्या साधनाला देण्याची सोय, २.४ गिगाहर्ट्झवर चालू करून फोन टीव्हीजवळ ठेवावा आणि टीव्ही त्याला जोडून पाहावा. कार्यक्रम नीट चालला तर टीव्हीतील वायफाय ठीक आहे, आणि उणीव राऊटरच्या जागेत, मांडणीत किंवा तारेत आहे. नाही चालला, आणि दुसऱ्याच्या फोनवरही नाही चालला, तर दुकानदाराला बोलवण्यास आपण मोकळे आहोत. ही तपासणी संच लावणाऱ्याच्या समोरच करावी.

वेगाविषयीही मोठा गैरसमज आहे. जोडणी ‘१०० एमबीपीएस’ची (एमबीपीएस म्हणजे दर सेकंदाला मेगाबिट, हे नेटच्या वेगाचे माप) घेतली म्हणजे टीव्हीला तेवढे मिळते, असे धरून चालतात. साधारण एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात, ४के या त्याहून बारकाव्याच्या चित्राला १५ ते २५ लागतात. म्हणजे घेतलेला वेग बहुतेक घरांत गरजेहून बराच जास्त असतो, आणि तरीही चित्र थांबते, कारण तो वेग दाराशीच राहतो. अशा वेळी अधिक महाग योजना घ्या असा सल्ला दिला जातो. त्या पैशांनी भिंत पातळ होत नाही. त्याऐवजी राऊटर घराच्या मध्याकडे, चौकाच्या कडेला, उघड्या जागी आणि डोक्याइतक्या उंचीवर आणावा. कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा फ्रिजच्या वर ठेवू नये. फायबरची तार आणखी काही मीटर आत ओढणे हे बसवणाऱ्याचे कामच आहे आणि त्याचा आग्रह ग्राहकाने धरावा.

दगडी घरांसाठी माझे स्पष्ट मत आहे की शक्य असेल तेथे टीव्हीला लॅनची तार, म्हणजे राऊटरपासून थेट टीव्हीपर्यंत नेटची तार, द्यावी. साधी कॅट ५ई प्रकारची तार १०० मीटरपर्यंत चालते, खिडकीच्या चौकटीतून किंवा छताच्या कडेने सहज नेता येते आणि भिंत फोडावी लागत नाही. पुष्कळ टीव्हींमधील लॅनचे भोक १०० एमबीपीएसचेच असते, पण वर दिलेल्या आकड्यांवरून दिसेल की ४के चित्रालाही ते पुरून उरते. शेजारच्यांचे वायफाय, मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ, कशाचाही त्रास तारेला होत नाही. तार नेणे अगदीच अशक्य असेल तर सिग्नल पुढे नेणारा एक्स्टेंडर बसवावा. मात्र तो राऊटर आणि टीव्ही यांच्या साधारण मध्यावर, जेथे सिग्नल अजून चांगला आहे तेथे लावावा. लोक तो थेट टीव्हीशेजारी लावतात. तेथे मुळातच सिग्नल क्षीण झालेला असतो, मग तो पुढे काय पाठवणार?

जोडणीच्या वेळी आणखी एक गोष्ट घडते, जिची मला खरोखर काळजी वाटते. नवा टीव्ही प्रथम नेटला जोडला की पडद्यावर अटींची पाने येतात आणि बसवणारा तरुण घरच्यांना न विचारता भराभर ‘मान्य’ दाबत जातो. त्यांतील एक संमती बहुधा पडद्यावर काय चालले आहे हे ओळखून ती माहिती कंपनीकडे पाठवण्याची असते. अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही कंपनीला प्रेक्षकांची अशी माहिती त्यांना न कळवता गोळा केल्याबद्दल २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले होते. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे, मग आम्ही मध्य प्रदेशात राहत असलो म्हणून काय झाले? रिमोट आपल्या हाती घ्यावा, पान वाचावे आणि नको असेल ते नाकारावे. पाहण्याच्या सवयी कळवण्यास नकार दिला तरी टीव्ही चालतो.

हा विषय चैनीचा आहे असे कोणी म्हणेल, म्हणून सांगतो. येथल्या अनेक मराठी घरांत आता दोन वृद्ध माणसेच उरली आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा देशाबाहेर आहेत. येथे केबलवर मराठी वाहिन्या मोजक्याच मिळतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘वेव्हज’ या अ‍ॅपवर मराठीतील कार्यक्रमही आहेत, शिवाय नाटके, कीर्तने आणि व्याख्याने नेटवर विपुल आहेत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या ज्येष्ठांना आपली भाषा रोज कानावर पडण्याचा हा मोठा आधार आहे, आणि तो राऊटर चुकीच्या भिंतीवर ठोकल्यामुळे तुटावा हे मला सहन होत नाही.

दुकानदार व इंटरनेट पुरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, टीव्हीत ५ गिगाहर्ट्झची सोय आहे की नाही हे बिलावर लिहावे, आणि बसवल्याच्या पावतीवर ‘याच खोलीत कार्यक्रम चालवून दाखवला’ अशी एक ओळ छापावी. ग्राहकांनी त्या ओळीखालीच सही करावी. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाताना ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क पडत नाही. आपल्या वृत्तपत्राने येत्या सणांच्या आधी हॉटस्पॉटची तपासणी आणि राऊटरची जागा यांविषयी एक चौकट मोठ्या अक्षरांत छापावी, म्हणजे ती कापून टीव्हीजवळ ठेवता येईल.

आपला,
एक निवृत्त तंत्रशिक्षक
लष्कर, ग्वाल्हेर