कमरेनं निवडलेली गाडी

नागपूर,
रविवार, संध्याकाळ

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "एवढे पैसे टाकायचेच होते तर जरा दणकट गाडी घ्यायची." मागून आई बोलली, "कंबर अशी, अन् हिला गाडी काहून पाहिजे? एसटीनं बसून ये ना." मी हसून विषय बदलला. तुमचा आवाज कानावर पडला की मी सगळं छान आहे असंच बोलत सुटते, खरं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले.

आधी एक कबुली देते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एका रात्री मी फोन उचलला नव्हता. दुसऱ्या दिवशी सांगितलं की ऑफिसात उशीर झाला. मी ऑफिसात नव्हते. मनीषनगरला, आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून होते. वर्धा रोडवर त्या संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या. अजनी चौकापासून क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. घरी पोचले, दार उघडलं आणि डावा पाय बाहेर टाकायला गेले, तर कमरेतून पोटरीपर्यंत अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या गाडीचं सीट खाली आणि खोलगट होतं, त्यातून उठायचं म्हणजे आडातून वर यायचं. वीस मिनिटं मी दाराची कड धरून बसले होते. मांडीवर फोन वाजत होता, त्यावर 'आई' दिसत होतं, आणि मला तो उचलवला नाही. शेवटी वॉचमनकाकांनी दोन्ही हात धरून उभं केलं.

एमआरआयमध्ये निघालं की कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे आणि डाव्या पायाची नस दाबते आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं नाही. बहुतेकांचं हे व्यायामानं आणि वेळेनं आटोक्यात येतं म्हणाले. माझंही आलंय, पण गेलेलं नाही. पावसाळी हवेत, लग्नकार्यात उभं राहिल्यावर, कधी काही कारण नसतानाही ते डोकं वर काढतं. आता ते माझ्यासोबतच राहणार असं धरून मी चालते. हे तुम्हाला माहीत असावं.

आणि बाबा, फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी मला काय शिकवलं सांगू? जमिनीवर चटई टाकायची, उताणं झोपायचं, आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या, मांडी सरळ वर आणि गुडघ्यात काटकोन. अशानं कमरेवरचा ताण उतरतो. मी तशी झोपले आणि वर पंख्याकडे बघता बघता मला आपलं यवतमाळचं घर दिसलं. तुम्ही ट्रक लावून यायचे, हातपाय धुवायचे, आणि जेवणाच्या आधी सतरंजीवर पडून पाय त्या हिरव्या लोखंडी पेटीवर टाकायचे. आम्ही पोरं म्हणायचो, बाबा दमले. तुम्ही कधी 'कंबर दुखते' म्हणाला नाहीत. रुईच्या गाठी भरून नागपूर, मुंबई, परत. अठ्ठावीस वर्षं. पेटीवर पाय ठेवायचं तुम्हाला कोणीही शिकवलं नव्हतं, ते तुमच्या अंगानंच शोधून काढलं होतं. त्या दिवशी मी फिजिओकडे रडले ते दुखण्यानं नाही.

आता गाडीचं. तुम्हाला वाटतंय की लेकीनं ती रंग बघून घेतली. तसं नाही. चार महिने हिंडले मी.

आई, तुझी शिवणाची टेप होती ना, पिवळी, मी लग्नात सोबत आणलेली? ती घेऊन मी शोरूममध्ये जायची. आधी घरी मोजलं. खुर्चीवर उशा रचत गेले आणि कोणत्या उंचीवरून हाताचा टेकू न घेता, कळ न येता उठता येतं ते पाहिलं. माझ्या पाच फूट दोन इंचांना ते चोवीस इंचांच्या आसपास आलं. मग प्रत्येक गाडीचं सीट जमिनीपासून मोजलं. जुन्या गाडीचं वीस होतं. बाबांना आवडलेल्या त्या मोठ्या, उंच गाडीचं तीसच्या जवळ. तिच्यात हँडल धरून चढावं लागायचं, आणि चढताना कंबर पिळली जायची. खाली पडायचं नाही, वर चढायचं नाही. पाठ सीटकडे करून आधी नुसतं बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. हे जिला जमेल ती गाडी माझी.

दणकटपणाचं म्हणाल, तर तुमचंच वाक्य तुम्हाला सांगते. "रिकामी गाडी जास्त उडते." लहानपणी गाठी उतरवून परत येताना मी केबिनमध्ये बसायची, तेव्हा तुम्ही म्हणायचे हे. तुम्हाला आवडलेली गाडी ट्रकसारख्याच चासीवर बांधलेली आहे, ओझं ओढायला कडक. तिच्यात आम्ही दोघं-तिघं बसणार, म्हणजे ती कायम रिकामीच. एका टेस्ट ड्राइव्हमध्ये पहिल्या ब्रेकरला तिचं मागचं अंग आधी वर गेलं, मग खाली बसलं, आणि माझं अंग त्याच्यामागून. गाडी चांगली आहे, तिला माझी कंबर चालत नाही एवढंच.

मी शेवटी होंडा एलिव्हेट घेतली, सीव्हीटी नावाच्या ऑटोमॅटिक गिअरची. गिअर हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा प्रश्न होता, कारण नस डाव्या पायाची. क्लच नकोच होता. पण ऑटोमॅटिकमध्येही प्रकार आहेत हे मला माहीत नव्हतं. स्वस्तातल्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच मशीन दाबतं आणि गिअरही तेच बदलतं. ते दाबताना क्षणभर गाडी थबकते आणि मान पुढे जाते. एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही. मला सीताबर्डीच्या गर्दीत तीस वेळा ते जाणवलं आणि तिसाव्या वेळेला पाय झिणझिणायला लागला. सीव्हीटीत वेगाप्रमाणे बदलायला दात असलेले गिअर नाहीत. दोन कप्प्या आणि मधून पट्टा. कप्प्या आत-बाहेर सरकतात तसा पट्टा वर-खाली होतो. जोरात दाबलं तर इंजिन ओरडतं, ते तुम्हाला आवडणार नाही. पण धक्का म्हणून नाही.

चाकांबद्दल तर शोरूममधला मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. सगळ्यात वरच्या मॉडेलला 17 इंची चाकं आणि वर सनरूफ. मी खालचं, 16 इंचवालं मागितलं. तो म्हणाला, मॅडम, थोड्या पैशांत टॉप येतंय. पण हिशेब करून बघा. 17 इंचीला टायर 215/55, म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर आणि रबराची भिंत तिच्या 55 टक्के, 118 मिलिमीटर. 16 इंचीला 215/60, भिंत 129. अकरा मिलिमीटर जास्तीचं रबर आणि हवा माझ्या आणि खड्ड्याच्या मध्ये. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही, आणि मला तर सनरूफपेक्षा या अकरा मिलिमीटरचं जास्त अप्रूप. हवासुद्धा मी सकाळी टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच भरते. आमच्या नाक्यावर बिनधास्त चाळीस भरून देतात, गाडी दगडासारखी होते. इथल्या उन्हाळ्यात 45 अंशांत तापल्यावर ती हवा अजून फुगते.

एक गंमत सांगते, बाबांना आवडेल. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण 4 ते 6 हेलकाव्यांना सगळ्यात जास्त हलतं, झोक्याला बरोबर वेळेवर धक्का द्यावा तसं. आता सिमेंट रोडचे जॉइंट साधारण साडेचार मीटरवर असतात. 80 च्या वेगानं गेलं की सेकंदाला पाच जॉइंट. टक् टक् टक् टक् टक्. समृद्धीवर गेलो होतो तेव्हा 80 ला माझी कंबर बोलायला लागली. मी 100 केले, गप्प झाली. जावई म्हणाले हा तुझा भास आहे. मी परत येताना पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तसंच. तुम्ही म्हणायचे ना, प्रत्येक रस्त्याचा एक वेग असतो आणि तो गाडीच सांगते?

सीटची पाठ मी थोडी मागे ठेवते, अगदी ताठ नाही आणि आरामखुर्चीही नाही. गुडघ्याच्या मागे आणि सीटच्या कडेमध्ये तीन बोटं जातील एवढी जागा. स्टिअरिंग पुढे-मागे ओढता येतं. ते मी जवळ घेते, म्हणजे खांदे पाठीला टेकलेले राहतात. कमरेच्या खळगीत सीटचा आधार मला थोडा वर येतो, म्हणून तिथे आई, तुझ्या जुन्या निळ्या सुती पातळाची वळकटी ठेवते. बाजारच्या दोन उश्या आणल्या होत्या. एक फार फुगीर, दुसरी आठवड्यात बसली. पातळ बरोबर माझ्या कमरेच्या मापाचं झालं, एक घडी कमी-जास्त करता येते. आरसा सकाळी ताठ बसून लावते. तासाभरानं मागचा रस्ता आरशात नीट दिसेनासा झाला की आरसा हलवायचा नाही, मी घसरले आहे असं समजायचं आणि वर बसायचं.

आणि दर पाऊण तासाला थांबते. मणक्यांमधल्या गादीला मोठेपणी रक्त थेट पोचत नाही, ती स्पंजासारखी दाबली-सुटली की तिला पोषण मिळतं. एकाच जागी बसून राहिलं की ती उपाशी राहते. म्हणून उतरायचं, पाच मिनिटं चालायचं, चहा घेतला तर उभ्यानं घ्यायचा.

आई, आता तुझं. "मग गाडी काहून?" असं तू विचारतेस. गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी पहाटे मी एकटीच काटोल रोडनं निघाले होते. संत्र्यांना आंबिया बहर आला होता. कळमेश्वर मागे पडलं, उजाडायला लागलं, मी चारही काचा खाली केल्या आणि तो वास आत आला, गोड, ओला, तुझ्या गजऱ्याच्या जवळ जाणारा. रस्ता मोकळा. दोन्ही हात चाकावर, पायात मुंग्या नाहीत. त्या पार्किंगनंतर मी वर्षभर गाडीला भ्यायले होते गं. बाजूच्या सीटवरही बसायची नाही. रिक्षाच्या हादऱ्यांनी जास्त दुखायचं तरी रिक्षानं जायची. त्या सकाळी मी मेटपांजऱ्यापर्यंत गेले, बांधावर दहा मिनिटं चालले, परत आले, आणि घरी येऊन कांदेपोहे केले. एवढंच. पण मला माझं काहीतरी परत मिळालं होतं. बाबांनी मला ज्या मैदानात गाडी शिकवली, धुळीत आठ काढायला लावले, ते काहीतरी.

एसटीनं येते तेव्हाही बाबांचंच ऐकते, मागच्या चाकाच्या मागे कधी बसत नाही, मधल्या सीटवर. पण तिथे आपल्याला वाटेल तेव्हा उतरता येत नाही. माझ्या कमरेला तेच लागतं, हवं तेव्हा थांबणं.

बाबा, एक विनंती आहे. आई म्हणाली की हल्ली सकाळी तुम्ही खाटेवरून उठताना भिंत धरता. तुम्ही म्हणाल, वय झालं. असेलही. पण पायात बधिरपणा येतो का, पाऊल घसटतं का, हे मला खरं सांगा. लघवीवरचा ताबा सुटला, किंवा बसायच्या जागी बधिर वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय, मी तुम्हाला बजावते. तुम्ही माझ्यापासून लपवलंत, मी तुमच्यापासून लपवलं. आता पुरे करू या आपण दोघंही.

शनिवारी मी येते आहे. सहाला निघेन, वर्ध्याला थांबेन, मग कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊन दहापर्यंत घरी. संध्याकाळी बाबांनी गाडी चालवून बघायची, बायपासला, आपण तिघंच. तुमच्या मापाचं सीट मी लावून देईन, पातळाची वळकटी काढायची की ठेवायची ते तुम्ही ठरवा.

आई, हिरव्या पेटीवर तू पितळी भांडी मांडली आहेस ती तेवढी उतरवून ठेव. आल्या आल्या अर्धा तास मला ती लागेल. नंतर बाबांना.

तुमची लेक