‘सर्व्हर डाऊन’ची पाटी लावण्याआधी मागे डोकावा

संपादक महोदय,

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे ऐकायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की हल्ली काउंटरवर कोणी हुज्जतही घालत नाही. कराड-पाटण भागात मी सर्व्हर दुरुस्तीची कामं करतो. माझा अनुभव असा की मशीननं पुष्कळदा आधीच सांगितलेलं असतं. पण सांगायचे बरेचसे दिवे असतात मागच्या बाजूला आणि तिथं जायला वाटच नसते.

गेल्या उन्हाळ्यात एका पतसंस्थेतून फोन आला. रॅक, म्हणजे सर्व्हर ठेवायचं कपाट, थेट भिंतीला टेकवलेला, बाजूला जुन्या व्हाउचरचे गठ्ठे. सर्व्हर पुढून थंड हवा घेतो आणि मागून गरम हवा सोडतो, म्हणजे ती वाटही बंद. रॅक ओढल्यावर दिसलं, दोन्ही पॉवर सप्लायचे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या भागांचे, दिवे विझलेले. वेगळ्या लाइनवरून वीज दिली, तर एकावर नारिंगी दिवा लुकलुकू लागला. तो कधीचा गेलेला, देव जाणे. दुसऱ्यावर सगळं रेटत होतं म्हणून कोणाला कळलं नाही, आणि त्या दिवशी त्याचीही वीज गेली. दोन्ही केबली एकाच एक्स्टेन्शन बोर्डात, आणि बोर्ड जळालेला! एकाच विहिरीवर दोन मोटारी बसवून पाण्याची चिंता मिटली म्हणावं, तसला हा प्रकार. एक केबल युपीएसवर आणि दुसरी वेगळ्या लाइनवर हवी, एवढं साधं आहे.

निळ्या दिव्याची भीती मात्र उगाच. बऱ्याच सर्व्हरना पुढे-मागे मशीन ओळखण्यासाठीचं बटण असतं. ते दाबलं की दोन्हीकडे निळा दिवा लागतो, म्हणजे मागे गेल्यावर नेमकं कोणतं मशीन ते समजतं. पुसताना कोणाचा हात लागतो आणि मला रात्री फोन येतो, ‘साहेब, निळा लागलाय, बंद करू का?’

खरी फसगत लॅनच्या पोर्टची, म्हणजे नेटवर्कची केबल खुपसायच्या भोकांची. सगळी भोकं सारखीच दिसतात, पण त्यातलं एक फक्त लांबून देखरेख करण्यासाठी असतं. डेलच्या सर्व्हरवर तिथं पान्ह्याचं चिन्ह असतं, एचपीवर ‘आयलो’ (iLO) लिहिलेलं असतं. रंगकामवाल्यानं केबली काढल्या आणि ऑफिसच्या नेटवर्कची केबल नेमकी तिथं खुपसली, की काउंटरचे कॉम्प्युटर हात वर करतात. गंमत म्हणजे तिथलाही हिरवा दिवा लागतो, त्यामुळे ‘केबल बरोबर आहे’ असं सगळे छातीठोकपणे सांगतात.

म्हणून संस्थाचालकांना विनंती आहे, की रॅकच्या मागे माणूस उभा राहील एवढी जागा सोडा. एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, करताना प्रत्येक केबलवर लेबल आणि रॅकच्या दारावर दिव्यांचा मराठी तक्ता मागून घ्या. दिव्यांच्या खुणा कंपनीगणिक बदलतात, तेव्हा तो तुमच्याच मॉडेलचा हवा. सगळं सुरळीत असताना मागच्या बाजूचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. सकाळी शाखा उघडणाऱ्यानं एक नजर टाकावी. नारिंगी दिसला तर काही काढू-घालू नये, दुरुस्तीवाल्याला फोटो पाठवावा. असे जोडीचे पॉवर सप्लाय बहुतेक सर्व्हरमध्ये मशीन चालू ठेवूनच बदलता येतात. त्यासाठी काउंटर बंद करावा लागत नाही.

आपला,
एक सर्व्हर दुरुस्तीवाला, कराड