अप्पांची पाटी आणि चर्चचं छप्पर

प्रिय बाब्या,

सप्रेम सलाम.

तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, गुडघा जिना दिसला की कुरकुरतो. तब्येतीचं संपलं.

व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून कागद घेतला. गोष्ट तुझ्या घरची आहे. तुझा दादा आला होता.

उपासना सुटली होती, लोक लिंबाखाली चहा घेत होते, आणि त्याची पांढरी गाडी थेट पायरीपर्यंत आली. त्यानं पाळकसाहेबांना बाजूला घेतलं, मला हाक मारली. म्हणाला, "छपराचे अकरा लाख मी देतो. ही कौलंबिलं काढून टाका, एकदाचा स्लॅब ओता. आणि दारावर आमच्या अप्पांच्या नावाची संगमरवरी पाटी." चहासुद्धा न घेता गेला.

आता तू हातातला कागद खाली ठेवला असशील. उचल, पुढचं वाच.

तुला छपराची अवस्था फोनवर अर्धवटच सांगितली होती. उत्तरेकडच्या दोन कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोण, संपल्यात. वरून बघितलं तर सागवान अगदी ठणठणीत, तुळईवर नख उमटत नाही. पण कैचीचं टोक जिथं भिंतीत बसतं तिथं मी पेन खुपसलं तर टोपणापर्यंत आत गेलं. आत लाकूड नाहीच, वाळवीची माती. भिंतीत पाणी मुरतं आणि वाळवीचं फावतं. पाणी का मुरतं, तर मागच्या कमिटीनं दगड-चुन्याच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा केला आणि वर कमरेएवढा ऑइलपेंट. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. ओल आतच अडकली, लोणा फुटला, आता परातीएवढे पोपडे पडतात. वेदीच्या डाव्या अंगाची भेग सगळे "किल्लारीच्या वेळची" म्हणून दाखवतात. इंजिनिअरनं शिडी लावली तर आत पिंपळाचं मूळ निघालं. लोकांना भूकंपच हवा होता, पिंपळ ऐकून चेहरे पडले.

आणखी एक गंमत. कौलं उतरवताना पालथ्या बाजूला शिक्का सापडला, बासेल मिशन टाइल वर्क्स, 1865. सेक्रेटरींनी त्याच दिवशी जाहीर केलं की आपलं चर्च 1865 सालचं, आता वारसा म्हणून सरकारी पैसा आणू. पाळकसाहेबांनी हळूच सांगितलं, बाबा रे, ते मंगळूरच्या कारखान्याचं साल आहे, त्यांच्या कौलावर तेच छापलेलं असतं. आपल्या भागात तर रेल्वेच विसाव्या शतकाच्या तोंडावर आली. सेक्रेटरी अजून रुसलेत.

एस्टिमेट एकोणीस लाखांचं, कौलं आणि चुना धरून. घरं नव्वदेक. पहिल्या बैठकीत नेहमीच्या यशस्वी कल्पना आल्या. एक म्हणे स्कॉटलंडच्या मिशनला लिहा. अरे, परदेशी पैशाला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची, नोंदणी लागते आणि 2020 पासून खातंसुद्धा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच हवं. आपल्याकडे नोंदणीच नाही. दुसरा म्हणे रस्त्याच्या कडेनं गाळे काढा. जागा प्रॉपर्टी ट्रस्टची, आणि विश्वस्त संस्थेची अशी जागा तीन वर्षांच्या वर भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी. ती येईपर्यंत छप्पर आपल्या पायानं खाली येईल.

मग दानाची पाकिटं छापली. पाळकसाहेबांनी 2 राजे 12 वर उपदेश केला. योवाश राजानं याजकांना मंदिराच्या डागडुजीला सांगितलं, तेविसावं वर्ष उजाडलं तरी भेगा तशाच. शेवटी यहोयादानं पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि वेदीशेजारी ठेवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढं असंही लिहिलंय की कारागिरांच्या हाती पैसे देणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत. ते वाचल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे, खजिनदाराकडे, बघितलं. आपल्या मंडळीत तो अध्याय तेवढ्यावरच थांबवावा लागतो.

पण पैसा आला, बाब्या. कसा येतो ते मला या वहीमुळे पहिल्यांदा कळलं. मास्तर लोक दर महिन्याला, पगाराच्या आठवड्यात. शेतीवाले कापूस-सोयाबीन घरातून निघाल्यावर, तोपर्यंत त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आणि ऊसतोडीला जाणारी घरं दसऱ्यानंतर टोळ्या निघायच्या आधी, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, हातात पडली की. कोयत्याला, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याला, किती उचल मिळते आणि ती कशी फेडावी लागते, तू जाणतोस. त्यातून पाकीट. महिला मंडळानं मिझोराममधल्या मंडळीचं ऐकून मूठ सुरू केली; स्वयंपाकाला बसताना एक मूठ ज्वारी किंवा तांदूळ बाजूला, रविवारी डब्यातून चर्चला, तिथून विक्री. कापणीच्या सणाला लिलाव झाला. एकच कोंबडी पाच जणांनी घेतली आणि पाचही वेळा परत दान केली. शेवटी ती बिचारी थकून थाळीवरच बसली. (मोसंबीच्या क्रेटवर तू बोली लावून बसस्टँड गाठलंस ते अकराशे अजून वहीत लाल शाईनं आहेत. नियम म्हणजे नियम.)

नावं वाचण्यावरून सेक्रेटरींचं-माझं वाजलं. मी नुसती नावं वाचतो, आकडे नाही. ते म्हणतात, "आकडा वाचल्याशिवाय आकडा येत नाही." त्यांचं खोटं नाही, फळ्यावर आकडे होते तेव्हा शर्यत लागायची. पण पाळणाघरात काम करणारी मावशी माझ्याकडे येऊन म्हणाली होती, माझे एकावन्न मोठ्यानं वाचू नका. मी फळा पुसला. चार लाख साठ हजारांपर्यंत आलो, कासवाच्या गतीनं का होईना.

आणि मग दादा.

बातमी दुपारच्या जेवणाआधी सगळ्या गल्लीत. पुढच्या रविवारी पाकिटं निम्मीसुद्धा आली नाहीत. मुठीचा डबा रिकामा. ती ऊसतोडीची वहिनी, जिच्या घरी आपण भाकरी खाल्ली होती, तिनं दोन पाकिटं नेली होती. त्यातलं एक कोरं परत आणून दिलं. "साहेबानं दिलं ना आता. मंग आमचं कामून पाहिजे?" सुटल्यासारखं म्हणाली की दुखावल्यासारखं, मला ओळखता आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही, हे तुला सांगतो, बायकोला नाही सांगितलं.

अकरा लाख नको म्हणायची माझी ऐपत नाही. पण अकरा आधी आले तर उरलेले आठ येणारच नाहीत, आणि पुढच्या वर्षी वीजबिलाला सुद्धा लोक दादाच्या गाडीची वाट बघतील. तू म्हणशील त्याला कंपाउंडलगतच्या प्लॉटला रस्ता हवाय. असेलही. मला विचारशील तर नाही वाटत. त्याचा आवाज तसा नव्हता.

स्लॅबचं वेगळंच. त्यानं म्हटलं आणि अर्धी मंडळी खूश. "गावात घरोघर स्लॅब, देवाच्याच घरावर कौलं?" मला आधी राग आला, मग पटलंही. आपल्या आई-बापांच्या पिढीला कौल म्हणजे मिशनची दया, स्लॅब म्हणजे स्वतःची कमाई. हे त्या इंजिनिअरला कळत नाही, तो बिचारा वजन सांगतो. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातो; मंगलोरी कौलं लाकडासकट धरली तरी त्याच्या तिसऱ्या हिश्शात बसतात. चुन्यात बांधलेल्या त्या ओल्या भिंतींवर एवढं ओझं? 1993 ला किल्लारीला लोक दगडमातीच्या भिंतींखाली आणि धाब्याच्या जड मातीच्या छपरांखाली गाडले गेले, हे मी बैठकीत बोललो तर सगळे एकदम गप्प. शिवाय मे महिन्यात स्लॅबखाली दोन तासांची उपासना, म्हणजे नरकावर वेगळा उपदेश करायला नको.

आता पाटी.

चर्चच्या बाजाच्या पेटीवरची पितळी पाटी तुला आठवतेच. अप्पा निवृत्त झाले तेव्हा कमिटीनं ठोकली, आणि दुसऱ्या रविवारी ती स्क्रूसकट दानाच्या थाळीत. पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी थाळी उचलली आणि खणकन आवाज झाला, तू हसू दाबताना 'उपासना संगीता'च्या पुस्तकात तोंड खुपसलं होतंस. मी दादाला हेच म्हणालो. अप्पांना नाव चाललं असतं का? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अप्पांना नको होतं. आईला पाहिजे होतं. ती पाटी तिनं कमिटीकडून मागून आणली होती. शेवटपर्यंत तिच्या ट्रंकेत साड्यांखाली होती. माझ्याकडे आहे."

हे तुला माहीत होतं? मला नव्हतं. काकूंनी कधी अवाक्षर काढलं नाही. त्यांनी चाळीस वर्षं त्या माणसाच्या साधेपणाचा संसार केला, आणि एक पितळी पाटी लपवून ठेवली. तेव्हापासून मला दादावर नीट चिडतासुद्धा येत नाही.

माझ्या डोक्यात असं आहे. दादानं द्यावेत, पण शेवटी द्यावेत. मंडळीनं आधी आपले आठ लाख पुरे करावेत, मग त्यानं. तोपर्यंत त्यानं जाहीर म्हणावं, की तुम्ही जमवल्याशिवाय माझं पाकीट उघडायचं नाही. कौलं राहतील, भिंतींचं सिमेंट खरवडून चुना परत येईल. आणि पाटी संगमरवराची नको. ती पितळी, जुनीच, पेटीवर. अप्पा असते तर परत थाळीत टाकली असती, पण काकूंचंही एक मत धरायला नको?

हे मी दादाला सांगितलं तर तो म्हणेल खजिनदारानं शहाणपणा शिकवला. हे तूच सांगू शकतोस. घर विकल्यापासून तुम्ही बोलत नाही, ठाऊक आहे, आणि त्या व्यवहारात त्याची चूक होती असं मी तुझ्या तोंडावर म्हटलंय, त्याच्याही म्हटलंय. तुमच्यात समेट घडवायला लिहीत नाही. समेट करायचा तर घराच्या पैशावर करा, चर्चच्या छपराखाली नको. मला फक्त त्या एका गोष्टीपुरता फोन हवाय. पहिल्या रविवारी प्रभुभोजनानंतर कमिटी आहे, सेक्रेटरी ठराव लिहून तयार बसलेत, त्यात "स्लॅब" शब्द तीनदा आहे.

तुझं काय? पोरीच्या ॲडमिशनचं झालं का? वहिनींची बदली रद्द झाली असं ऐकलं, बरं झालं. पिंपरीतल्या भाडेवाढीबद्दल सविस्तर बोलू, आत्ता जागा नाही.

फोन साडेनऊनंतर कर, आधी ट्यूशनची पोरं असतात. दादाला करायचा असेल तर त्याला सकाळी कर, संध्याकाळी तो साइटवर असतो आणि ओरडून बोलतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. अकराशेवर व्याज लावत नाही. गूगल पे चालेल, पण नावासकट वाचून दाखवीन, आकड्यासकट.