शेतात बसलेला पदवीधर बेकार नाही?

महोदय,

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेत ठिबकचे कॉक फिरवणारे पदवीधर तरुण गावोगाव दिसतात. पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांत उमेदीची वर्षे गेल्यावर अनेकांनी अर्ज करणेच सोडले आहे; सोयरिकीच्या बोलणीत ‘मुलगा काय करतो?’ असे विचारले, की वडील ‘शेती बघतो’ म्हणून विषय बदलतात. सरकारी मोजणीतही नेमके हेच होते. २०१७ पासून होणाऱ्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक निकषानुसार आठवड्यात एक तास जरी घरच्या शेतीला बिनपगारी हातभार लावला, तरी ती व्यक्ती रोजगारात धरली जाते. आणि ज्याने काम शोधणे सोडले व आपण कामासाठी उपलब्धही नाही असे सांगितले, तो श्रमबलातूनच, म्हणजे काम करणाऱ्या किंवा कामाच्या शोधात वा तयारीत असलेल्यांच्या गणतीतूनच, वगळला जातो; मग बेकारांतही तो मोजला जात नाही. मग बेकारीचा दर घटल्याचे कौतुक कशाचे? मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले हे चांगलेच, पण मुदत संपली की पुन्हा तोच बांध. जळगाव, धुळे व नंदुरबार येथील रोजगार मार्गदर्शन केंद्रांनी निदान नोंदणी करून नंतर न फिरकलेल्यांची तालुकावार यादी काढावी आणि त्यांनी प्रयत्न का सोडले, याची गावात जाऊन विचारपूस करावी.

– एक वाचक, यावल (जि. जळगाव)