संकलनाच्या सॉफ्टवेअरची तुलना कशावर व्हावी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरची तुलना करताना इफेक्ट किती, ट्रान्झिशन किती आणि तयार टेम्प्लेट किती, याचीच मोजदाद बहुधा केली जाते. या हिशेबात नवशिक्यांची ॲप अनेकदा व्यावसायिक सॉफ्टवेअरपेक्षा सरस ठरतात आणि वाचक बुचकळ्यात पडतो. माझ्या अनुभवाने, फरक कळतो तो काम दुसऱ्याच्या हाती सोपवायची वेळ आल्यावर.

चाळीस मिनिटांची एक मुलाखत मी हौसेने फोनवरच्या सोप्या ॲपमध्ये कापली. ध्वनिसंयोजकाने बोलणे, निवेदन आणि पार्श्वसंगीत वेगवेगळे मागितले, तेव्हा लक्षात आले की ॲपमधून सगळे आवाज एकत्र मिसळलेली एकच फाइल बाहेर पडते. शेवटी संगणकावर मूळ क्लिप पुन्हा घेऊन प्रत्येक कट नव्याने लावावा लागला. (त्यातले दोन कट दुसऱ्या खेपेस अधिक चांगले जमले, हे कबूल करतो.)

ॲपलच्या फायनल कट प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती २०११ मध्ये आली तेव्हा व्यावसायिक संकलक नाराज झाले, त्यामागेही बऱ्याच अंशी हेच कारण होते. तिचा वेग वाखाणण्याजोगा होता, पण जुनी प्रोजेक्ट तिच्यात उघडत नव्हती आणि रंगसंस्कार किंवा ध्वनीसाठी पुढे पाठवायची ईडीएलसारखी कटांची यादीही तिच्यातून थेट निघत नव्हती. यातील बऱ्याच उणिवा पुढे दूर झाल्या.

‘व्यावसायिक म्हणजे महाग’ हा समजही आता टिकत नाही. दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतून ३८४० × २१६० आकाराचा व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत काढता येतो. मात्र त्यासाठी बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागते आणि पहिले काही दिवस नोडची (रंगाचा एकेक बदल करणाऱ्या, एकमेकांना जोडायच्या चौकटींची) भानगड डोके खाते. घरगुती समारंभाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचा असेल, तर एवढा खटाटोप कशाला? तिथे ॲपलचे आयमूव्ही हे सोपे ॲप पुरेसे आहे, जरी त्यात मुख्य चित्रावर एका वेळी दुसरे एकच चित्र ठेवता येत असले तरी.

म्हणून विनंती अशी की, आपल्या दैनिकात अशी तुलना छापताना आणखी एक रकाना असावा : या सॉफ्टवेअरमधून तयार व्हिडिओखेरीज काय काय बाहेर काढता येते?

आपला विश्वासू,
एक हौशी संकलक